५ ही संमिश्र संख्या कशी?

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. चाचणीत संमिश्र संख्या ओळखायच्या होत्या. ५ आणि √२ मी सोडून दिल्या, कारण त्यांत 'आय' (i, म्हणजे −१ चं वर्गमूळ) कुठेच नाही. दोन गुण गेले. सर म्हणाले, प्रत्येक वास्तव संख्या संमिश्र असतेच. मॅडम, मग 'वास्तव' आणि 'काल्पनिक' अशी वेगळी नावं कशाला?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सरांचं बरोबर आहे. पण तू का चुकलीस तेही मला कळतं, कारण अकरावीला शिकवलं तेवढी सगळी वर्षं हीच चूक मी वह्यांमध्ये पाहिली. घोळ शब्दांचा आहे. रोजच्या बोलण्यात 'वास्तव'च्या उलट 'काल्पनिक', आणि 'संमिश्र' म्हटलं की दोन गोष्टी मिसळलेल्या हव्यातच असं वाटतं. गणिताची अट साधी आहे : अ + ब आय असं लिहिता आलं पाहिजे, अ आणि ब वास्तव हवेत. ब शून्य असला तरी चालतो. ५ म्हणजे ५ + ० आय. ५ ला ५/१ लिहून अपूर्णांकांच्या रांगेत बसवलंस, तेव्हा नाही ना अडलं?

आता आलेख कागद घे आणि आडवा अक्ष लाल पेनने गिरव. −३, ०, √२, पाय, झाडून साऱ्या वास्तव संख्या त्या लाल रेघेवर. संमिश्र संख्या म्हणजे अख्खा कागद. ३ + २ आय हवी असेल तर उजवीकडे तीन घरं, मग वर दोन. ५ मात्र रेघेवरच, जिथे आधी होती तिथेच.

५ ला −१ ने गुणलं की बिंदू शून्याभोवती अर्धा फेरा घेऊन −५ वर जातो. आयने गुणणं म्हणजे पाव फेरा : ५ वरून थेट शून्याच्या डोक्यावरच्या ५ आयवर. पुन्हा पाव फेरा घेतलास की −५. आयचा वर्ग −१, तो असा. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सांगितलं की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नाही. लाल रेघेपुरतं ते आजही तंतोतंत खरं आहे. रेघेवर पाव फेरा घ्यायला जागाच नाही.

रेघ सोडावी लागली ती रेघेवरच्याच उत्तरासाठी, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. क्षचा घन = १५ क्ष + ४ हे समीकरण घे. ४ घालून बघ : ६४ = ६० + ४. उत्तर चक्क ४. पण इटलीच्या कार्दानोने १५४५ मध्ये छापलेलं सूत्र लावलं की मध्येच √−१२१, म्हणजे ११ आय, उभं राहतं. १५७२ मध्ये बोम्बेल्लीने न घाबरता हिशेब पुढे नेला. २ + आयचा घन कर, २ + ११ आय येतो; २ − आयचा घन २ − ११ आय. सूत्रात २ + ११ आय आणि २ − ११ आय यांच्या घनमुळांची बेरीज करायची असते; म्हणजे ती घनमुळं २ + आय आणि २ − आय, बेरीज ४. हा घन स्वतः, हाताने करून बघ.

एक गोष्ट मात्र रेघेबरोबर मागे राहते : लहानमोठेपणा. आय शून्यापेक्षा मोठा मानला तर त्याचा वर्गही मोठा हवा, पण तो −१ आहे. लहान मानला तर −आय मोठा, आणि त्याचाही वर्ग −१. म्हणून '३ + ४ आय मोठी की ५?' या प्रश्नाला अर्थ नाही. शून्यापासूनचं अंतर तेवढं विचारता येतं. कंपासचं टोक शून्यावर ठेव, पेन्सिल ५ वर, आणि वर्तुळ काढ. ते बरोबर ३ + ४ आयमधून जाईल.