पंपाची सवय लागते का?

छातीच्या ओपीडीत समुपदेशन करताना हा प्रश्न सारखा येतो, मॅडम एकदा पंप (तोंडाने औषध ओढायचा इनहेलर) सुरू केला की सवय लागते ना, मग मरेपर्यंत सुटत नाही ना? साताऱ्याकडच्या एक मावशी, वय ५८, त्यांनी तर पंप ट्रंकेत लुगड्याखाली लपवलेला आणि डॉक्टरांना सांगायच्या घेते की रोज.

दर थंडीत खोकला सुरू झाला की होळीपर्यंत थांबायचा नाही, असं तीन वर्षं. थुंकी तपासली, टीबी नव्हता, क्रॉनिक ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची जुनाट सूज, निघाला. (सलग २ वर्षं, दरवर्षी किमान ३ महिने कफाचा खोकला, याला म्हणतात.) बिडी नाय, मिश्री नाय, मग मलाच का, म्हणून रडल्या.

मी विचारलं स्वयंपाक कशावर करता? गॅस आहे पण चहापुरता, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, ४० वर्षं. मग सांगितलं, धुराने श्वासनळ्या आतून सुजलेल्या राहतात, कफ जास्त बनतो आणि तो वर ढकलणारे बारीक केस कमजोर होतात. जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, आमचं आढं काळं झालंय, तसंच आत झालं आसंल का ओ?

पंपाचं व्यसन लागत नाही. साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे पंपातून २ पफ (फवारे) म्हणजे २०० मायक्रोग्रॅम, तेच औषध गोळीतून ४ मिलिग्रॅम म्हणजे वीसपट, आणि ते सगळ्या अंगात फिरतं म्हणून हात थरथरतात. आजार लांबचा असतो म्हणून पंप लांब चालतो, एवढंच. हे ऐकून मान डोलावली पण चेहरा तसाच, तेव्हा खोदून विचारलं तर खरं बाहेर आलं, नातीला स्थळं बघतायत, घरात दमेकरी आहे म्हणतील. मला फार वाईट वाटलं, माणूस श्वास कोंडून घेतो पण घराण्याचं नाव जपतो. म्हटलं मावशी, पाहुण्यांसमोर ढास लागली तर ते जास्त दिसेल, आणि हा आजार धुराचा आहे, नातीच्या रक्तात नाही आलेला.

स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायला शिकवलं, सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला सांगितलं. थुंकीत रक्त आलं, बोलताना दम लागला किंवा ओठ निळे पडले तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

महिन्याने आल्या, पंप पिशवीत वरच. भाकरी गॅसवर आलीय. पाणी मात्र अजून चुलीवरच तापतं, आता सून तापवते. पुढच्या वेळी सुनेलाही घेऊन या म्हटलंय.