प्लांट सोडून फायलींत जाऊ का? फंक्शनल सेफ्टीकडे वळणाऱ्या एका अभियंत्याची शंका

इन्स्ट्रुमेंटेशन शाखेचे अभियंते प्लांटमध्ये सहा-सात वर्षे काढून झाल्यावर जी शंका घेऊन माझ्याकडे येतात, ती बहुतेकांची एकच असते: फंक्शनल सेफ्टीची, म्हणजे धोक्याच्या वेळी प्लांट आपोआप सुरक्षित बंद करणाऱ्या यंत्रणांच्या खात्रीची, नोकरी म्हणजे निव्वळ कागदकाम का, आणि तिकडे गेल्यावर हातातले कसब जाते का? अशाच एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने येथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

बाई तिशीच्या जवळ आलेल्या होत्या. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन त्यांनी पदवी पूर्ण केली होती आणि रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात त्या देखभाल विभाग सांभाळत होत्या. ट्रान्समीटरचे कॅलिब्रेशन, कंट्रोल व्हॉल्व्हची दुरुस्ती, रात्री ट्रिप आला, म्हणजे प्लांट आपोआप बंद पडला, की कारण शोधून प्लांट पुन्हा सुरू करून देणे, हे त्यांचे रोजचे काम होते. नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीने त्यांना फंक्शनल सेफ्टी इंजिनिअर म्हणून बोलावले होते. पगार बरा वाढत होता, शिफ्ट सुटत होती, तरीही मन होकार देत नव्हते, कारण खात्यातील वरिष्ठांनी ‘हाताची चांगली इंजिनिअर, आता फाईलवाली होणार’ असे चारचौघांत म्हटले होते. घरी सासऱ्यांचा वेगळाच समज झाला होता. सुनेला कामगारांचे हेल्मेट आणि बूट तपासणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याची जागा मिळाली, असे त्यांनी नातेवाइकांना सांगूनही टाकले होते.

सासऱ्यांचा समज दूर करणे सोपे होते. सुरक्षा अधिकाऱ्याचे काम महत्त्वाचेच आहे, पण त्याची वाट निराळी आहे आणि त्यासाठी औद्योगिक सुरक्षेची पदविका घ्यावी लागते. फंक्शनल सेफ्टीचा संबंध यंत्रणेशी येतो: दाब, तापमान किंवा पातळी मर्यादेबाहेर गेली की सेन्सरने ते ओळखावे, लॉजिक सॉल्व्हरने, म्हणजे त्यामागच्या नियंत्रक संगणकाने, निर्णय घ्यावा आणि व्हॉल्व्हने प्रवाह बंद करावा, ही साखळी ऐनवेळी चालेल याची खात्री किती, ती कशाच्या आधारावर आणि किती काळ टिकणारी, याचा हिशेब मांडणारे हे शास्त्र आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाचे ६१५०८ हे त्याचे मूळ मानक असून तेल, वायू व रसायन उद्योगांसाठी त्यातून आयईसी ६१५११ तयार झाले आहे.

वरिष्ठांच्या शेऱ्याला मात्र असे चटकन उत्तर देता येण्यासारखे नव्हते, म्हणून मी बाईंना अलीकडे मनात राहून गेलेले एखादे काम सांगायला सांगितले. त्यांनी एका साठवण टाकीची गोष्ट सांगितली. टाकीतील पातळी फार वाढली की आत माल सोडणारा व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारा हाय-हाय लेव्हल स्विच तिच्यावर बसवलेला होता. त्याची वार्षिक चाचणी उत्पादनाच्या घाईत दोनदा पुढे ढकलली गेली. अखेर परमिट मिळाले आणि बाईंनी चाचणी घेतली, तेव्हा स्विचचा फ्लोट, म्हणजे पातळीबरोबर वर चढणारा तरंगता गोळा, जागचा हललाच नाही. टाकीतील मालाचे स्फटिक साचून दांडा घट्ट धरला गेला होता. कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र या स्विचविषयी एकही अलार्म नव्हता, आणि तो असणारही नव्हता, कारण असा स्विच गरज पडेपर्यंत गप्पच असतो. बाईंनी तो साफ करून बसवला आणि चाचणीचे अंतर कमी करावे, तसेच या मालासाठी फ्लोटऐवजी दुसऱ्या प्रकारचे उपकरण घ्यावे, अशी अर्ध्या पानाची टीप वर पाठवली.

“मग त्या टिपेचे काय झाले?” मी विचारले.

“काही नाही, मॅडम. फाईलला लागली.”

ज्या नोकरीला त्या घाबरत होत्या, तिचे काम त्यांनी कोणी न सांगता अर्धे करून ठेवले होते, असे मी त्यांना म्हटले. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही टेबलावरच एक साधा हिशेब केला. एका शटडाऊन व्हॉल्व्हमध्ये लपून राहणारा धोकादायक बिघाड दर दहा लाख तासांत सरासरी एकदा होतो असे धरले. वर्षाचे तास ८,७६० असतात. चाचणी दरवर्षी होत असेल, तर ऐनवेळी व्हॉल्व्ह न चालण्याची सरासरी शक्यता म्हणजे तासाला दहा लाखांत एक हा बिघाडाचा दर आणि वर्षाचे तास यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग, सुमारे ०.००४४ येते. दहा हजारांश ते हजारांश, हजारांश ते शतांश आणि शतांश ते दशांश असे जे पट्टे मानकात आखलेले आहेत, त्यांपैकी मधल्या पट्ट्यात ही संख्या बसते आणि त्या पट्ट्याला सिल २ म्हणतात (सिल म्हणजे सेफ्टी इंटेग्रिटी लेव्हल, सुरक्षेच्या भरवशाची पातळी; आकडा जितका मोठा तितका भरवसा जास्त). तोच व्हॉल्व्ह, तीच कंपनी, तेच प्रमाणपत्र, पण चाचणी तीन वर्षांतून एकदा, थेट टर्नअराउंडच्या, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याच्या, वेळीच घेतली, तर आकडा ०.०१३ वर जातो आणि यंत्रणा सिल १ मध्ये घसरते. प्रत्यक्षात सेन्सर व लॉजिक सॉल्व्हर यांचीही बेरीज करावी लागते आणि चाचणीत प्रत्येक दोष सापडतोच असे नाही, त्यामुळे खरे चित्र याहून थोडे वाईटच निघते. बाईंनी तीन वर्षांचा आकडा स्वतः पुन्हा काढून पाहिला आणि म्हणाल्या, “म्हणजे आम्ही चाचणी पुढे ढकलायचो, तेव्हा हा कागद खोटा होत होता.” मला नेमके एवढेच दाखवायचे होते. कागदावरचा आकडा देखभालीच्या हातावर उभा असतो, आणि तो हात ज्याने कधी चालवलेला नाही त्याला चाचणीचे अंतर ‘एक वर्ष’ असे लिहिताना काही वाटत नाही.

कागदाला कमी लेखण्याचेही कारण नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीने नियंत्रण यंत्रणा निकामी झाल्याच्या ३४ घटना तपासल्या, तेव्हा ४४ टक्के घटनांचे मूळ कारण यंत्रणेच्या अपेक्षा लिहून काढण्याच्या टप्प्यावरच्या चुकांत सापडले, आणि आणखी २० टक्के घटनांचे मूळ प्लांट सुरू झाल्यानंतर केलेल्या बदलांत. बसवणी आणि कमिशनिंग (यंत्रणा तपासून प्रथम चालू करणे) यांच्या वाट्याला केवळ ६ टक्के आले. यंत्रणेने नेमके काय, किती वेळात आणि कोणत्या स्थितीत करावे हे ज्या दस्तऐवजात लिहितात, तो धड नसेल तर पुढचा उत्तम फिटरही काही करू शकत नाही.

बन्सफिल्डची घटना मी सांगितली ती यासाठीच. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमधील या तेलसाठ्यावर ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे पेट्रोलची टाकी भरत असताना पातळी दाखवणारा गेज तीनच्या सुमारास एका आकड्यावर अडकला. पडद्यावर पातळी स्थिर आणि टाकीत पेट्रोल चढतेच, अशा अवस्थेत सर्व भिस्त स्वतंत्र हाय लेव्हल स्विचवर होती. त्या स्विचला चाचणीसाठी एक खटका होता आणि तो कामाच्या स्थितीत राहावा यासाठी त्याला कुलूप लावणे आवश्यक होते. ते कुलूप नुसते छेडछाड रोखण्यासाठी आहे, अशा समजुतीने ते लावले गेले नव्हते. स्विच चालला नाही, साडेपाचच्या पुढे पेट्रोल ओसंडू लागले आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. रविवारची पहाट असल्यामुळे प्राणहानी टळली, तरी ४३ जण जखमी झाले. बाईंनी हे ऐकून पहिला प्रश्न विचारला तो असा: “कुलूप कशासाठी आहे हे स्विच बनवणाऱ्याने माहितीपत्रकात लिहिले नव्हते का?” हा प्रश्न ज्याला आपणहून सुचतो त्याने या क्षेत्रात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकशीतही उपकरण बनवणारा, पुरवणारा आणि वापरणारा यांच्यामध्ये ही माहिती पोहोचली नाही, हाच मुद्दा पुढे आला होता.

तरीही वरिष्ठांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. काही कार्यालयांत फंक्शनल सेफ्टीचे काम म्हणजे विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावरचा बिघाड-दर सॉफ्टवेअरमध्ये भरणे, सिल २ येत नसेल तर चाचणीचे अंतर बदलून तो आणणे आणि अहवालाच्या जुन्या प्रतीत प्रकल्पाचे नाव बदलणे, एवढेच उरलेले असते. अशा जागी दोन वर्षे काढली की कसब जाते हे खरे आहे. म्हणून होकार देण्यापूर्वी कंपनीला काय विचारायचे हे आम्ही ठरवले: हॅझॉप (प्रक्रियेत काय बिघडू शकते याचा पद्धतशीर शोध) आणि लोपा (त्यासाठी संरक्षणाचे थर पुरेसे आहेत का याची तपासणी) यांच्या बैठकांना हा अभियंता बसतो की त्यांचे निष्कर्षच त्याच्या हाती येतात; कमिशनिंगच्या वेळी यंत्रणेची खातरजमा करायला साइटवर पाठवतात का; आणि आकडा बसत नाही असे त्याने सांगितले तर ते ऐकून घेणारा माणूस प्रकल्प व्यवस्थापकाच्या हाताखालचा असतो की बाहेरचा. शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल अशी शंका बाईंना होती. परंतु आयईसी ६१५११ मध्येच फंक्शनल सेफ्टीच्या मूल्यमापनासाठी रचनेच्या चमूबाहेरील किमान एक वरिष्ठ, सक्षम व्यक्ती असावी अशी अट आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारणारा उमेदवार मानक वाचून आला आहे एवढेच समोरच्याला कळते.

अपघात झाला तर सही करणाऱ्याला तुरुंगात जावे लागेल का, हेही त्यांनी दबक्या आवाजात विचारले. कायद्याची बाजू वकिलानेच सांगावी. मी इतकेच म्हटले की आकड्यामागची गृहीतके स्पष्ट लिहिणे आणि न पटलेली गोष्ट लेखी नोंदवणे ही या व्यवसायातली पहिली सवय आहे, आणि ती त्यांना आधीच आहे.

दुसऱ्या भेटीला त्यांचे यजमान सोबत आले. ते पुण्यात वाहनांच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरची चाचणी करतात. आधी नामांकित संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मग सरळ पुण्यात वाहन उद्योगातच यावे, म्हणजे घरही एका जागी राहील, असा त्यांचा आग्रह होता. घराचा मुद्दा रास्त होता. पण वाहनांचे आयएसओ २६२६२ हे मानक, पहिली आवृत्ती २०११ ची आणि दुसरी २०१८ ची, मूळ ६१५०८ मधूनच आलेले असले तरी त्याची व्यवहारातली भाषा निराळी आहे. तिथे जोखीम मोजताना इजा किती गंभीर, ती परिस्थिती किती वेळा येते आणि चालकाला गाडी सावरता येईल का, या तीन गोष्टी पाहून ए ते डी अशी पातळी ठरवतात, आणि कामाचा मोठा भाग सॉफ्टवेअर व इलेक्ट्रॉनिक हार्डवेअर यांच्याभोवती फिरतो. व्हॉल्व्ह आणि ट्रान्समीटर यांवरचा बाईंचा हात तिथे जवळजवळ बिनकामाचा ठरला असता. उलट त्यांच्या यजमानांना तो रस्ता स्वतःसाठी खुला होता, हे मी बोलून दाखवले तेव्हा ते जरा चपापले. प्रमाणपत्रांबाबत म्हणायचे तर, ज्यांना खरोखर किंमत आहे ती परीक्षेबरोबर या कामाचा काही वर्षांचा अनुभवही मागतात. आठवड्याच्या आत कोणालाही मिळणारा कागद आधी घेऊन ठेवण्याची घाई करू नये.

कंपनीने तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोन्हींचे उत्तर होकारार्थी दिले. तिसऱ्यावर मुलाखत घेणाऱ्यांनी स्वतंत्र मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घेतो असे सांगितले, आणि ते पुरेसे आहे असे आम्हा दोघींनाही वाटले. बाईंनी रुजू होण्याची तारीख मात्र पुढे मागून घेतली. कारखान्याचे वार्षिक शटडाऊन जवळ आले होते आणि त्यातील सर्व ट्रिपच्या चाचण्या त्यांना स्वतः उभे राहून करायच्या होत्या. निघताना त्यांनी, संरक्षण तात्पुरते बंद ठेवल्याच्या नोंदींच्या बायपास रजिस्टरवरून, कोणता इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी जोडणी) किती काळ आणि कोणत्या कारणाने बंद ठेवला गेला, याचा तक्ता तयार करून विभागप्रमुखांना दिला. टाकीवरील फ्लोट स्विच बदलण्याची मागणी त्यात पुन्हा घातली होती आणि या वेळी तिच्यासोबत आकडा होता. ती मंजूर झाल्याचे त्यांनी मला नव्या नोकरीत रुजू झाल्यावर फोन करून कळवले.