हॅलोविनच्या रात्री दारात येणाऱ्या मुलांना काय द्यावं?

तुम्ही लिहिलंय की यंदाच पुण्याहून न्यू जर्सीत राहायला आलात, ३१ ऑक्टोबरला कॉलनीतली मुलं सोंगं घेऊन दारोदार येतात असं शेजारणीने सांगितलं, आणि तुम्हाला तीन गोष्टी कळत नाहीयेत: काय द्यायचं, किती आणायचं, आणि दिवाळीच्या फराळातलं घरचं काही दिलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. घरचं देऊ नका. घरी आलेल्या मुलाच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय आपण त्याला पाठवत नाही आणि बाजारचं देण्यापेक्षा घरचं देण्यात आपल्याला जास्त समाधान वाटतं, हे मला कळतं. पण इथे त्या रात्री घरी गेल्यावर आईबाप मुलांची पिशवी जमिनीवर ओततात, एकेक पुडी बघतात आणि जिचं वेष्टन कंपनीचं, सीलबंद नाही ती सरळ कचऱ्यात टाकतात. तुमचा बेसनलाडू कितीही सुंदर असला तरी त्याचं हेच होईल.

यामागे एक जुनी भीती आहे. १९७४ साली टेक्सासमध्ये एका बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच मुलाला हॅलोविनच्या गोड पुडीतून सायनाइड दिलं. १९८२ साली, हॅलोविनच्या महिनाभर आधी, शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी विष कालवलं आणि सात माणसं दगावली. तेव्हापासून अनोळखी घरातल्या सुट्या खाऊवर लोकांचा विश्वास बसत नाही. खरं तर डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या आणि अनोळखी घरी मिळालेल्या हॅलोविनच्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना सापडलं नाही. तरी माझ्या मते बंद वेष्टनाचा नियम योग्यच आहे. त्याचं कारण विष नव्हे. घरच्या लाडवावर घटकांची यादी नसते, हे त्याचं कारण.

(फराळ जरूर द्या, पण ओळखीच्या शेजाऱ्यांना. दिवसा ताट घेऊन जा आणि कशात तूप, काजू, दाणे, तीळ आहेत ते एका चिठ्ठीवर लिहून द्या. २०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. असा योग पुन्हा आला की सकाळी फराळाची ताटं आणि संध्याकाळी चॉकलेटची परडी, दोन्ही वेगवेगळं करता येतं.)

आता मुख्य गोष्ट. माझ्या धाकट्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाण्याचं कूट ज्या घरात पोह्यांपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत सगळीकडे पडायचं, त्या घरात आता शेंगदाणा येत नाही. त्यामुळे मी तुम्हाला जे सांगतेय ते दाराच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. तो सोंग घेऊन बाहेर पडतो, प्रत्येक दारात हसून पिशवी पुढे करतो, आणि घरी आल्यावर त्यातलं अर्ध्याहून जास्त आम्ही काढून घेतो. इथल्या मुलांचं सगळ्यात लाडकं चॉकलेट म्हणजे रीसेस, आणि त्यात पीनट बटर ठासून भरलेलं. स्निकर्समध्ये दाणे. साध्या एम अँड एम्सच्या पुडीवरसुद्धा दाण्यांचा अंश असू शकतो अशी सूचना असते. फूड ॲलर्जीवर काम करणारी ‘फेअर’ ही इथली संस्था सांगते की अमेरिकेत साधारण दर १३ मुलांमागे एकाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची ॲलर्जी आहे. म्हणजे तुमच्या दारात पन्नास मुलं आली तर त्यात अशी तीन-चार असतीलच, आणि स्पायडरमॅनच्या मुखवट्याआड कोण आहे ते तुम्हाला कळणार नाही.

म्हणून दोन परड्या ठेवा. एकीत खाऊ, दुसरीत खाऊ नसलेल्या वस्तू. एकमेकांत मिसळू नका, आणि मुलालाच विचारा, तुला कुठल्या परडीतलं हवं? हीच कल्पना २०१२ साली टेनेसीतल्या ॲलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांच्या एका गटाने सुरू केली आणि २०१४ पासून ‘फेअर’ने ती देशभर नेली. दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवायचा, की पालकांना लांबूनच समजतं, या घरी खाऊशिवायही काही मिळेल. भोपळा रंगवायला वेळ नसेल तर त्या रंगाचा कागदी भोपळा दारावर चिकटवला तरी पुरतो. असा भोपळा दिसला की माझा मुलगा पुढे पळत सुटतो.

कुणी म्हणेल, खाऊ सोडून मुलं वस्तू कशाला घेतील? घेतात. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कनेटिकटमधल्या सात घरांत ३ ते १४ वर्षांच्या २८४ मुलांपुढे एका ताटात गोळ्या आणि दुसऱ्यात छोटी खेळणी धरली. जवळपास निम्म्या मुलांनी खेळणं उचललं. २००३ साली हे प्रसिद्ध झालं, आणि माझ्या दारातही दरवर्षी तेच दिसतं.

वस्तू निवडताना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण आणताना जसा विचार करतो तसाच करा: स्वस्त असावं, पण घरी नेल्यावर लगेच फेकून देण्यासारखं नसावं. अंधारात चमकणाऱ्या बांगड्या सगळ्यात उत्तम. मुलं तिथल्या तिथे हातात घालतात आणि रस्ता ओलांडताना गाडीवाल्याला दिसतात. त्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचे अपघात खरोखरच वाढतात, त्यामुळे या बांगड्यांचा उपयोग खेळण्यापेक्षा मोठा आहे. शिवाय स्टिकर, चित्रांच्या पेन्सिली, साबणाच्या फुग्यांच्या छोट्या बाटल्या, प्लॅस्टिकचे कोळी. टूथब्रश देऊ नका. हेतू चांगला असला तरी पोरांचा चेहरा उतरतो. तीन वर्षांखालच्या मुलाला उसळणारा चेंडू, अंगठी असलं काही देऊ नका, ते थेट तोंडात जातं. याच कारणाने चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात कडक गोळ्या, च्युइंगगम, अख्खे दाणे पडू देऊ नयेत. आईच्या कडेवरचं भोपळा झालेलं बाळ आलं तर मी त्याला स्टिकर देते आणि आईला विचारते, तुला चॉकलेट हवंय का? आया खूश होतात.

आता खाऊच्या परडीबद्दल. गोळ्यांमध्ये तीन नावं लक्षात ठेवा: स्मार्टीज, डम डम्स आणि स्किटल्स. स्मार्टीज म्हणजे सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या रंगीत गोल गोळ्या. त्या आपल्याच न्यू जर्सीत, युनियन गावात बनतात. डम डम्स हे छोटे लॉलीपॉप. स्किटल्स म्हणजे फळांच्या चवीच्या छोट्या रंगीत गोळ्या. या तिन्हींत दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, गहू, सोया आणि तीळ या नऊ मुख्य घटकांपैकी काही नसतं. हे नऊ घटक वेष्टनावर छापणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. तीळ त्या यादीत २०२३ पासून आला. पण ‘अंश असू शकतो’ ही सूचना ऐच्छिक असते, छापलीच पाहिजे असं नाही. शिवाय एकाच चॉकलेटची मोठी वडी आणि हॅलोविनची छोटी वडी वेगवेगळ्या यंत्रांवर बनू शकते, त्यामुळे मोठीचं वेष्टन वाचून छोटी बिनधास्त देऊ नये. दरवर्षी नव्याने वाचा.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. छोट्या पुड्यांवर बऱ्याचदा घटक छापलेलेच नसतात, ते फक्त बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असतात. ती पिशवी फेकू नका. घटकांचा भाग कापून परडीशेजारी ठेवा. एखादी आई विचारेल तेव्हा तुम्ही तो पुढे कराल, आणि तिला त्याचं काय मोल वाटतं ते मी स्वतःवरून सांगू शकते.

तुम्ही शाकाहारी असाल तर जिलेटिन हा शब्दही बघा. ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं. हरिबो कंपनीच्या अस्वलाच्या आकाराच्या मऊ गोळ्या, मार्शमेलो, राइस क्रिस्पीज ट्रीट्स, स्टारबर्स्ट आणि या दिवसांत सगळीकडे दिसणारे कँडी कॉर्नचे तिरंगी दाणे, या सगळ्यांत ते असतं. स्किटल्स आणि सावर पॅच किड्समध्ये नसतं. एडिसन, इझेलिनच्या बाजूला राहत असाल तर दारात येणारी निम्मी मुलं गुजराती, मराठी, तेलुगू घरांतली असतात आणि त्यातली कितीतरी मुलं हे खात नाहीत.

चॉकलेट अजिबात नको असं माझं म्हणणं नाही. किटकॅट, ट्विक्स, हर्षी ही मुलांच्या आवडीची आहेत आणि ऑक्टोबरअखेर इथे थंडी असल्याने वितळतही नाहीत. फक्त परडीत निम्म्याहून जास्त रीसेस-स्निकर्स नसावेत इतकंच. जास्त पैसे खर्च करायची हौस असेल तर मोठ्या आकाराची वडी द्या; त्या घराचं नाव गल्लीतल्या पोरांच्या तोंडी वर्षभर राहतं.

किती आणायचं हे तुमच्या गल्लीवर आहे. शेजारणीलाच विचारा, गेल्या वर्षी किती मुलं आली होती. सलग घरांच्या, फुटपाथ असलेल्या रस्त्यावर शंभरही येतात. आडवळणाच्या अपार्टमेंटमध्ये दहासुद्धा येत नाहीत. प्रत्येकाला दोन नग धरा. गोदामासारख्या मोठ्या दुकानांत शंभर-दीडशे नगांच्या मिश्र पिशव्या मिळतात, पण ‘मिश्र’मध्ये बऱ्याचदा दाणे असतात, म्हणून मी दोन-तीन एकाच प्रकारच्या पिशव्या घेते. वेळ गावाच्या वेबसाइटवर बघा. काही गावं ठरावीक वेळ जाहीर करतात, आणि कधी तारीखही बदलते: २०१२ साली सँडी वादळानंतर गव्हर्नर क्रिस्टी यांनी न्यू जर्सीचं हॅलोविन ५ नोव्हेंबरवर नेलं होतं. पोर्चचा दिवा लावला की या, बंद असला की येऊ नका, असा इथला संकेत आहे. खाऊ संपला की दिवा बंद करा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

परडी दारात ठेवून निघून जाण्यापेक्षा शक्य असेल तर एकाने घरी थांबा. १९७६ साली एडवर्ड डीनर आणि सहकाऱ्यांचा सिएटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २७ घरं, तेराशेहून अधिक मुलं. ‘एकच घे’ सांगून मोठं माणूस आत गेलं. एकेकट्या आलेल्या, नाव-पत्ता विचारलेल्या मुलांपैकी आठेक टक्क्यांनीच जास्त उचललं. नाव न विचारलेल्या, घोळक्याने आलेल्यांत ते प्रमाण सत्तावन्न टक्क्यांवर गेलं. मला त्यात मुलांचा दोष दिसत नाही. दारात कुणी नाव विचारणारं असावं, कोण झालायस म्हणून कौतुक करणारं असावं, हे दिसतं. जे मूल बोलत नाही, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (दारात खाऊ मागताना मुलं म्हणतात ते वाक्य) म्हणत नाही, त्याला म्हणायला लावू नका. काहींना बोलणं जमत नसतं.

आणि आठवी-नववीतली उंच पोरं आली तर ‘तुम्ही मोठे झालात’ म्हणून परत पाठवू नका. त्यांनाही द्या. चेसापीक या व्हर्जिनियातल्या शहरात तर बारा वर्षांवरच्यांनी असं फिरणं हा गुन्हा होता आणि त्याला तुरुंगाचीही तरतूद होती. २०१९ साली त्यांनी वय चौदा केलं आणि तुरुंग काढून टाकला. त्या रात्री दुसरीकडे कुठे भटकण्याऐवजी ती पोरं तुमच्या दारात पिशवी धरून उभी आहेत, हे चांगलंच आहे.

उरलेलं ऑफिसात न्या. काही दंतवैद्य आणि संस्था सैनिकांना पाठवायला गोळा करतात, तिथेही देता येतं. घरात कुत्रा असेल तर मात्र चॉकलेट आणि बेदाणे त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. दोन्ही त्याला विषासारखे असतात.