मान होता की तिरस्कार? महानुभाव आणि बहिणाबाई

मध्ययुगीन मराठी साहित्यात स्त्रीला मान होता की तिला तुच्छ लेखत, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही, आणि तेही कित्येकदा एकाच पंथात.

महानुभाव पंथाचंच घ्या. तेराव्या शतकात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींनी बायकांना संन्यासाची वाट मोकळी केली. पाळीच्या विटाळाबद्दल त्यांचं म्हणणं आजही काही घरांत पचणार नाही: नाकाला शेंबूड, कानाला मळ, तसाच हाही देहाचा एक स्राव, त्यात शिवाशिव कसली! त्यांची शिष्या महदाइसा सतत प्रश्न विचारायची आणि स्वामी उत्तरं द्यायचे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात ती हीच, 'धवळे' म्हणजे लग्नगीतं रचणारी. पुढे पंथातल्याच केशिराजांनी संस्कृतात लिहायचं मनावर घेतलं, तेव्हा स्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं: 'नको गा केशवदेया, येणें माझिया म्हातारिया नागवतील.' संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील! पंथाची भाषा ठरवताना कुणी म्हाताऱ्यांचा विचार केला, हे मला फार मोठं वाटतं.

पण याच पंथाच्या सूत्रपाठात, म्हणजे स्वामींच्या वचनांच्या संग्रहात, संन्याशाला बजावलंय की इतर मादक द्रव्यं सेवन केल्यावर माजवतात, स्त्री नुसती दिसली तरी माजवते. चित्रातलीसुद्धा पाहू नये! संन्याशांचा नियम आहे, मान्य. तरी बाई म्हणजे साधनेतली धोंड, हे गृहीतच.

ही धोंड ठरवली गेलेली बाई स्वतः काय म्हणते, ते सतराव्या शतकातल्या वारकरी संत बहिणाबाईंकडे सापडतं. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या.) लहानपणीच वयस्क बिजवराशी लग्न. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र तुकोबांना गुरू मानावं, म्हणून नवऱ्याचा मार. तो एकदा तिला टाकून निघालाही होता, आजारी पडला म्हणून राहिला. ती लिहिते:

वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगतीं हित नोहे ॥
मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैंची ॥

म्हणजे स्त्रीचा संग टाळा म्हणता, पण मीच स्त्री आहे, मी कुणाला टाळू? सूत्रपाठाच्या त्या नियमाला याहून नेमका प्रश्न मी तरी वाचलेला नाही.

जनाबाईंचं 'डोईचा पदर आला खांद्यावरी' लोक नेहमी पुढे करतात. जरूर वाचा. पण एकच काही वाचणार असाल, तर बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग घ्या. भाषा अवघड नाही.