विडंबनाचा नेम कुणावर?

प्रश्न : हॉलिवूडमधल्या आशियाई पुरुषांच्या ठोकळेबाज चित्रणावर आम्ही तीन मिनिटांची विडंबन-फिल्म करतो आहोत. बावळट परदेशी विद्यार्थी, त्याचे विचित्र उच्चार, सगळं मुद्दाम वाढवून घेतलं. कच्चं संकलन पाहून लोक खूप हसले, पण आमच्या नायकालाच. कुठे चुकलं?

उत्तर : ‘वाढवून घेतलं’ तिथेच. मूळ साचाच इतका भडक असतो, की तो आणखी फुगवला तर हाती नुसती नक्कल उरते. नेम त्या माणसावर नको. त्याला तसा दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर, ध्वनीवर आणि कात्रीवर हवा.

‘सिक्स्टीन कँडल्स’ (१९८४) मधला लाँग डक डाँग हा परदेशी विद्यार्थी आठवा. तो पडद्यावर आला किंवा त्याचं नाव निघालं की गाँग (धातूची मोठी थाळी) वाजतो. त्याने काही करायच्या आधीच ‘आता हसा’ असा इशारा मिळालेला असतो. भूमिका करणारा गेडी वातानाबे युटा राज्यात जन्मलेला अमेरिकन. ते उच्चार भूमिकेसाठी चढवलेले. म्हणजे विनोद गाँगमध्ये आहे. मग तुम्ही गाँगच पकडा.

नायक खोलीत येतो, गाँग वाजतो. हे पहिल्यांदा जसंच्या तसं ठेवा, म्हणजे प्रेक्षकाला खूण पटते. दुसऱ्यांदा तो दारात पोचायच्या आधीच, साधारण अर्ध्या सेकंदाने (२४ फ्रेमच्या हिशोबात १२ फ्रेम) गाँग लवकर वाजवा. तो थबकतो, छताकडे पाहतो, ‘हे कुठून येतंय?’ असं विचारतो आणि कामाला लागतो. तिसऱ्यांदा गाँग त्याच्या गोऱ्या रूममेटसाठी वाजू द्या आणि तो रूममेट दचकू द्या. तिथे थांबा. चौथ्यांदा वाजवलात तर गंमत शिळी होते.

नायकाचा अभिनय अगदी सपाट हवा. तो तोंड वेडंवाकडं करू लागला की हसू पुन्हा त्याच्याकडे वळतं. विक्षिप्त वागायचं असेल तर ते बाकीच्यांनी. उच्चार काढायला सांगणारा दिग्दर्शक आणि गोंधळलेला नट हा ऑडिशनचा प्रसंग मात्र टाळा, फार वापरून झालाय.

एक चाचणी करा : आवाज बंद करून फिल्म पाहा. तरीही नायकच हास्यास्पद दिसत असेल, तर दोष संवादात नाही, अभिनयात किंवा वेशभूषेत आहे.

प्रश्न : आशियाई पुरुष प्रेमात पडताना का दिसत नाही? पूर्वीपासून असंच होतं का?

उत्तर : नाही, आणि लोक नेमकं हेच विसरतात. ‘द चीट’ (१९१५) नंतर सेशू हायाकावा हा जपानी नट मूकपटांचा मोठा तारा झाला, स्त्री-प्रेक्षकांचा विशेष लाडका. पुढे १९३० च्या निर्मिती-संहितेने (हॉलिवूडच्या स्टुडिओंनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने) आंतरवंशीय प्रेमसंबंध निषिद्ध ठरवले. नियमाच्या शब्दांत गोरे आणि कृष्णवर्णीय एवढाच उल्लेख होता, पण स्टुडिओ आशियाई नटांच्या बाबतीतही हात राखूनच असत. शिवाय आशियाई नायकाची भूमिकाही गोऱ्याकडे जाई : चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराचा चेहरा म्हणून गाजला तो स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलँड.

संहिता १९६८ मध्ये गेली, सवय राहिली. ‘रोमिओ मस्ट डाय’ (२०००) नावातच प्रेमकथा मिरवतो, पण जेट ली आणि अमेरिकन गायिका-अभिनेत्री आलिया यांचा शेवट मिठीवर होतो, चुंबन नाही. विडंबनाला हे सोन्यासारखं. दोघं जवळ येतात आणि कॅमेराच घाबरून फुलदाणीकडे वळतो. ती दोघं वैतागून फुलदाणीच्या चौकटीत येऊन उभी राहतात. कॅमेरा पुन्हा पळतो, खिडकीकडे. इथेही अवघडलेपण कॅमेऱ्याचं, माणसाचं नव्हे.

प्रश्न : मूळ चित्रपटांचे तुकडे वापरले तर चालेल का?

उत्तर : अमेरिकेत कॅम्पबेल विरुद्ध अकफ-रोझ (१९९४) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने विडंबनाला ‘फेअर यूज’चा (परवानगीविना वाजवी वापराच्या मुभेचा) आधार मिळू शकतो, आणि पैसे मिळवले म्हणून तो आपोआप जात नाही. पण विडंबनाने मूळ कृतीवरच काही म्हणायला हवं. दुसऱ्याच विषयाची टिंगल करायला तिचा नुसता आधार घेतलात तर बाजू लंगडी पडते. प्रकरणागणिक निर्णय बदलतो, म्हणून मोठं काम असेल तर वकिलाला दाखवा. आमच्या मते तुकडे घेऊच नका. तीच चौकट, तीच प्रकाशयोजना स्वतः उभारा. ओळख पटायला तेवढं पुरतं.

प्रश्न : लोक आमची फिल्म कापून दहा सेकंदांचे तुकडे फिरवतील. मग संदर्भ जाईल ना?

उत्तर : जाईल. तुमचा पहिला गाँग एकटाच फिरू लागला, तर तो मूळ चित्रपटासारखाच दिसेल. म्हणून पहिला आणि दुसरा गाँग मध्ये कट न देता एकाच सलग शॉटमध्ये, आठ-दहा सेकंदांत बसवा. नायकाने वर पाहणं त्या तुकड्यात राहिलंच पाहिजे.