खाचरातले शेवाळ मारू नका, युरिया सांभाळा

प्रश्न : लावणी होऊन पंधरवडा झाला. खाचरातल्या पाण्यावर निळसर-हिरवी साय धरली आहे आणि दुपारी तिच्यात बुडबुडे येतात. हे शेवाळ भाताचे अन्न खाते का? मोरचूद टाकून मारावे का? दुकानात शेवाळाचे द्रव मिळते, ते फवारले की पिकाला जादा कार्बन मिळतो म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : मोरचूद टाकू नका. हे निळे-हिरवे शेवाळ आहे. नाव शेवाळ असले तरी जातीने जिवाणू. यातले अ‍ॅनाबिना, नॉस्टॉक, टॉलिपोथ्रिक्स असे प्रकार हवेतला नत्र बांधतात. तो भाताला मिळतो, हे भारतातल्या भातखाचरांवरच्या कामातून 1939 सालीच पुढे आले. बुडबुडे प्राणवायूचे आहेत.

कार्बनवरून भांडणाचा प्रश्नच येत नाही. भाताचे पान तो हवेतून घेते, शेवाळ मुख्यतः पाण्यातून. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो आणि सामू (पीएच) 8 च्या आसपास असला की विरघळलेला बहुतेक कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो. बायकार्बोनेट पेशीच्या पडद्यातून आपोआप आत जात नाही. म्हणून शेवाळाच्या पडद्यात त्यासाठी खास पंप असतात. उन्हातून मिळालेली ऊर्जा खर्च करून ते बायकार्बोनेट आत ओढतात. थेट शिरलेला किंवा आतून निसटू पाहणारा कार्बन डायऑक्साइडही पेशी बायकार्बोनेट करून अडकवते.

आत प्रथिनांच्या कवचाची सूक्ष्म कोठी असते, कार्बॉक्सिझोम. तिथे बायकार्बोनेटचा पुन्हा वायू होतो आणि तो रुबिस्को या कार्बन पकडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) अगदी पुढ्यात सुटतो. रुबिस्को संथ, शिवाय चुकून प्राणवायूही पकडणारे. उष्ण हवेत ही चूक वाढते. कोठीत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा शेकडो, कधी हजारपट दाटतो, मग चुकायला वाव राहत नाही. भात, गहू, सोयाबीनकडे अशी सोय नाही. ऊस, मका, ज्वारीकडे आहे, पण ती पानातल्या दोन प्रकारच्या पेशींत काम वाटून.

त्या द्रवाचे उत्तर यातच आले. पंप आणि कोठी जिवंत शेवाळाच्या पेशीत असतात, पानावर फवारून ते भातात उतरत नाहीत. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जनुके घालून तंबाखूच्या पानात साधी कार्बॉक्सिझोम उभी केली, तेही प्रयोगशाळेचे काम. बाटलीत ते मिळत नाही. निदान या कारणासाठी पैसे घालू नका.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शेवाळ पाण्यातला कार्बन उपसते, त्यामुळे दिवसा पाण्याचा सामू चढतो. पावसाने उघडीप दिली की सामूची पट्टी सकाळी बुडवून पाहा आणि दुपारी दोनला पुन्हा पाहा. सकाळी 7 च्या आसपास असलेले पाणी दाट शेवाळात दुपारी 9 च्या वर गेलेले दिसू शकते. रात्री ते परत उतरते. अशा दुपारी साचलेल्या पाण्यात युरिया फेकलात, तर त्यापासून झालेल्या अमोनियमचा मोठा भाग अमोनिया वायू होऊन उडून जातो.

म्हणून वरखताचा हप्ता देण्याआधी पाणी काढा, खत चिखलात मिसळा आणि दुसऱ्या दिवशी पाणी घ्या. पुढच्या हंगामात चारसूत्री लावणी करा : 15-25 सेंटिमीटर जोडओळीने, आणि लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी ब्रिकेटची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल. गुंठ्याला साधारण 630 गोळ्या, म्हणजे 1.7 किलो लागतात. खत पाण्यात नसून मातीत असल्याने वर शेवाळ असले तरी चालते, उलट नत्र बांधणाऱ्या प्रकारांना पाण्यातला युरिया नकोच असतो.

अपवाद एकच. पेरभातात कोवळी रोपे शेवाळाच्या जाड थराखाली दबत असतील किंवा उचलली जात असतील, तर दोन-तीन दिवस पाणी काढून खाचर सुकू द्या. तिथेही मोरचूद नको.