चार अक्षरांचं नाव फॉर्मला मोठं का वाटतं?

तुम्ही विचारलंय की मुलाचं नाव ज्ञानेश्वर, मोजून चार अक्षरं, तरी ऑनलाइन फॉर्म म्हणतो २५ च्या वर चालणार नाही, आणि तेच इंग्रजीत टाकलं की मुकाट घेतो. नावात काही चूक नाही हो, मोजण्यात चूक आहे.

कॉम्प्युटर अक्षर ठेवतच नाही, नंबर ठेवतो, आणि तो पण ० आणि १ मध्ये. १९६३ साली अमेरिकेत आस्की आलं, म्हणजे कुठल्या चिन्हाला कुठला नंबर याची ठरलेली यादी, ७ बिटची (एक बिट म्हणजे एक ० किंवा १), त्यात फक्त १२८ चिन्हं मावतात, कॅपिटल ए म्हणजे ६५, बिटमध्ये १०००००१. इंग्रजीचं भागलं, आपल्याला जागाच नाही. मग आपल्याकडे फाँटवाल्यांनी त्याच इंग्रजी नंबरांवर मराठी आकार बसवले, म्हणून तो फाँट नसलेल्या मशीनवर जुनी फाइल उघडली की नुसता एबीसीडीचा काला दिसतो. वडिलांनी टाइप करून घेतलेली आमची वंशावळ अशीच अडकली होती, शेवटी प्रिंटआउट शेजारी ठेवून सगळी परत टाइप केली, तीन रविवार गेले.

पुढे यूनिकोड आलं, जगभरच्या लिप्यांची मिळून एकच नंबरांची यादी, त्यात आपल्या लिपीला स्वतःचे नंबर मिळाले. ज २३३२, ञ २३३४. पण ज्ञ ला वेगळा नंबर नाही! आधी ज, मग पाय मोडायचं चिन्ह, त्याचा नंबर २३८१, मग ञ, आणि तिघांचा मिळून ज्ञ काढायचं काम फाँटचं. आता तुमच्या मुलाचं नाव सुटं करून बघा: ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र. झाले दहा, यातल्या प्रत्येकाला कॅरॅक्टर म्हणतात. आणि युटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे नंबर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात (एक बाइट म्हणजे ८ बिट), एकटा ज साठवला जातो तो १११००००० १०१००१०० १००१११०० असा. दहा त्रिक तीस, आणि फॉर्म बनवणाऱ्याने बाइट मोजलेत, म्हणून २५ ची अडचण. इंग्रजी स्पेलिंगला अक्षरामागे एकच बाइट, ते आरामात बसतं. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये, म्हणजे फॉर्मची माहिती जिथे साठते तिथे, कॉलमची (रकान्याची) लांबी मुळात बाइटमध्येच धरतात, कॅरॅक्टरमध्ये हवी तर तसं मुद्दाम सांगावं लागतं, आणि टेस्टिंग इंग्रजी नावांवर केलं की हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

अजून एक, आडनावात ऱ्हा किंवा ऱ्या असेल तर जपा, कारण तो र दोन तऱ्हेने टाइप होतो, एकात नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, पायमोड आणि एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण नंबर वेगळे, त्यामुळे सर्चमध्ये नाव सापडत नाही, लोकांना वाटतं रेकॉर्डच गायब झालं.

प्लीज इंग्रजीत टाकून मोकळे होऊ नका, आणि नाव छोटं तर अजिबात करू नका. हेल्पडेस्कला सरळ लिहा की मर्यादा बाइटवर लागतेय, कॅरॅक्टरवर लावा, आणि सोबत ज्ञानेश्वर हेच उदाहरण द्या, १० कॅरॅक्टर, ३० बाइट.